परवान्याची मुदत आणि शेजाऱ्याची धूळ

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने केली तो घरमालक असणार यात मला शंका नाही. त्याच्या शेजाऱ्याला कोणी विचारले असते तर त्याने निराळीच म्हण केली असती. घर बांधणारा कितीही दमला, कर्जात बुडाला, गवंड्यांशी भांडला तरी शेवटी त्याच्या हातात घर येते. शेजाऱ्याच्या हाती काय येते? धूळ, आवाज, फुटलेले गटार आणि 'आणखी दोनच महिने हो' हे आश्वासन. या दोन महिन्यांची आठ वर्षे कशी होतात आणि ती होऊ नयेत म्हणून काय करता येईल, यावर आज थोडे लिहायचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ठरल्या मुदतीत बांधकाम पुरे न करणाऱ्याला दिवसागणिक दंड व्हायला हवा, आणि तो पंचायतीने किंवा पालिकेने, म्हणजे गावातल्या गावातच, वसूल करायला हवा. मात्र गोव्यातल्या घरांची तऱ्हा लक्षात न घेता हा दंड सरसकट लावला तर भलताच माणूस मारला जाईल. बिल्डर त्यातून सुटेल आणि बोटीवर नोकरी करून खोली-खोलीने घर बांधणारा आमचा तारवटी सापडेल. तेव्हा दंड हवा, पण कोणाला आणि कशाबद्दल, हे नीट ठरवून.

आधी आज काय आहे ते पाहू. गावात बांधकाम करायचे तर पंचायतीचा परवाना लागतो. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यात तसे कलमच आहे. नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा दाखला, मग पंचायत मंडळाच्या बैठकीत ठराव आणि शेवटी तो शिक्क्याचा कागद. त्या कागदावर मुदत लिहिलेली असते, सर्वसाधारणपणे तीन वर्षांची. तीन वर्षांत काम झाले नाही तर? तर शुल्क भरून परवाना पुन्हा चालू करून घ्यायचा. 'रिन्यू' हा शब्द आता आमच्या वाड्यावरच्या आजीबाईंनाही माहीत झाला आहे.

म्हणजे मुदत ही परवान्याला आहे, बांधकामाला नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते तशी ती कागदावर असते. कागद शिळा झाला की नवा घ्यायचा, इतकेच. त्या तीन वर्षांत पाया तरी घातला का, अर्धवट स्लॅबवर पावसाचे पाणी साचून डास झाले का, रस्त्यावर टाकलेली खडी उचलली का, याचा त्या रिन्यूशी काडीचाही संबंध नसतो.

आमच्या घरामागे एक इमारत उभी राहिली. नाव-गाव सांगत नाही, सांगण्यासारखे वेगळेपणही तिच्यात नाही. असल्या इमारती तुमच्याही गावात असतील. २०१५ साली जेसीबीने पोफळी आडव्या केल्या आणि २०२३ मध्ये शेवटचा रंगाचा हात फिरला. या आठ वर्षांत सलग काम झाले असते तर एक वेळ सोसले असते. पण काम चाले चार महिने, बंद पडे नऊ महिने. पहिल्या मजल्याच्या लोखंडी सळ्या आभाळाकडे तोंड करून दोन पावसाळे गंजत उभ्या होत्या. मग एके दिवशी सकाळी सातला कटर सुरू होई, चिरे कापायचा. ज्याने चिरा कापताना पाहिला असेल त्याला ती तांबडी धूळ माहीत आहे. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, अंगणातल्या सोलांवर, देवघरातल्या फोटोंच्या काचेवर ती बसते आणि ओल्या फडक्याने पुसली की चिखल होतो. शेजारच्या वृद्ध काकींना दम्याचा त्रास. त्यांनी आठ वर्षे मागची खिडकी उघडली नाही. टिपरने गटारावरची लादी फोडली ती फोडली. ती पुढे पंचायतीने, म्हणजे आमच्याच घरपट्टीतून, घातली. पाण्याच्या उघड्या टाक्यांत डास होत. बांधकाम मजुरांना गोव्यात आरोग्य कार्ड काढावे लागते ते हिवतापाच्याच धास्तीने, पण बंद पडलेल्या बांधकामावर मजूरच नसतात, डास मात्र असतात. त्यांना कोण कार्ड देणार?

सरपंचांकडे गेलो. माणूस चांगला. त्यांनी फाईल काढून दाखवली. "भाई, लायसन्स रिन्यू आहे त्यांचे. कागद चोख आहेत. आम्ही काय करणार?" आणि ते खरेच होते. कागद चोख होते. नियम मोडला म्हणून तक्रार करावी तर कुठलाच नियम मोडलेला नव्हता.

उशिराबद्दल दंड ही कल्पना आपल्या देशाला अपरिचित नाही बरे. नवी मुंबईत सिडकोचा भूखंड भाडेपट्ट्याने घेतला आणि ठरलेल्या वर्षांत त्यावर बांधले नाही तर जादा अधिमूल्य भरावे लागते. चंदीगडमध्येही भूखंड घेऊन तो मोकळा ठेवणाऱ्याला वाढीव मुदतीचे पैसे मोजावे लागत आले आहेत. सिंगापूरची तऱ्हा तर फारच कडक. तिथे विदेशी भागीदारी असलेल्या विकासकाला निवासी जमीन घेतल्यापासून पाच वर्षांत इमारत पुरी करावी लागते आणि त्यापुढे दोन वर्षांत सगळी घरे विकावी लागतात. मुदत वाढवून हवी असेल तर जमिनीच्या खरेदी किमतीच्या पहिल्या वर्षी ८ टक्के, दुसऱ्या वर्षी १६ आणि तिसऱ्या वर्षापासून २४ टक्के! आकडा वाचूनच काम वेगाने होत असेल. पण हे सगळे दंड जमिनीची चिंता करणारे आहेत. जमीन अडवून ठेवू नका, भाव वाढायची वाट पाहत बसू नका, असे सरकार सांगते.

दुसरा दंड ग्राहकाच्या बाजूचा. २०१६ चा रेरा कायदा आल्यापासून, ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरच्या किंवा आठाहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी करावी लागते आणि बिल्डरला काम पुरे करण्याची तारीख स्वतःच जाहीर करावी लागते. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप असे काही आले तर मुदत वाढते. एरवी स्वतःची चूक नसल्याचे पटवून दिले तर फार तर वर्षभर. ताबा द्यायला उशीर झाला तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रकरणात सांगितले की पैसे परत मागण्याचा हा हक्क बिनशर्त आहे. फार चांगले झाले. ज्याने आयुष्याची पुंजी घातली त्याला कुठेतरी दाद मिळू लागली.

पण पाहा, जमिनीचा विचार झाला, ग्राहकाचा झाला. ज्याने ना जमीन दिली, ना फ्लॅट घेतला, जो फक्त तिथे आधीपासून राहत होता, त्याचा विचार या दोन्हींत कुठेच नाही. उशिराची सगळ्यांत नेमाने, रोज सकाळी सातपासून किंमत मोजतो तो हा माणूस. आणि त्याच्या नावाचा रकानाच कुठल्या अर्जात नाही.

असा रकाना जिथे आहे ती जागा फार लांबची आहे, पण सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलापलीकडे मरीन काउंटी म्हणून भाग आहे. सॉसालिटो, टिबुरॉन, बेल्व्हेडिअर, रॉस ही तिथली छोटी छोटी गावे, आपल्या एखाद्या पंचायतीएवढी. डोंगरउतार, अरुंद वळणाचे रस्ते आणि राहणारे लोक गडगंज. या गडगंजांपैकी कोणी जुने घर घेऊन वर्षानुवर्षे ते पाडत-बांधत राहिला की एका रस्त्यावरच्या सगळ्यांचे जिणे मुश्कील. म्हणून या गावांनी स्वतःच्या नगरसभेत नियम केले. बांधकाम परवान्याबरोबरच काम पुरे करण्याची मुदत ठरते आणि ती ओलांडली की दिवसाच्या हिशेबाने दंड लागतो. मूळ कारण शेजाऱ्यांचा त्रास. आवाज, ट्रक, अडलेला रस्ता. राज्याने नव्हे, देशाने नव्हे, गावाने केलेला नियम! आमच्या पंचायतींना हे वाचून दाखवावेसे वाटते. अर्थात तिथल्या एका घराच्या किमतीत आमचा अख्खा वाडा विकत येईल, तेव्हा तिथला नियम जसाच्या तसा इथे चिकटवा असे मी म्हणणार नाही.

दंडाची रक्कम हा साधा प्रश्न वाटतो, पण गाडी तिथेच घसरते. इस्रायलमधल्या हायफा शहरातला एक प्रयोग अर्थशास्त्राच्या वर्गात नेहमी सांगतात. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोघांनी तो केला आणि २००० साली प्रसिद्ध केला. पाळणाघरातून मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांत उशिराला एक छोटा ठरावीक दंड लावला. झाले काय, तर उशीर करणारे पालक वाढले, जवळजवळ दुप्पट झाले! आधी उशीर केला की त्या बाईंसमोर ओशाळल्यासारखे होई. आता पैसे भरले की प्रश्न मिटला. आणि दंड काढून टाकला तरी ओशाळणे काही परत आले नाही.

आमचे रिन्यू शुल्क हे नेमके तसले आहे. ते भरले की उशीर विकत घेतला जातो, तोही स्वस्तात. २०१६ साली अनधिकृत बांधकामे पैसे भरून नियमित करून घेण्याचा कायदा गोव्यात झाला, तेव्हापासून तर 'शेवटी पैसे भरून होतेच' ही समजूत अधिकच पक्की झाली आहे. तेव्हा दंड लावायचाच तर तो ठरावीक असून चालणार नाही. पहिले दोन महिने माफ असावेत, कारण कुठलेही काम दोन महिने इकडेतिकडे होतेच. पुढे रोजचा दर असावा आणि तो दर तिमाहीला चढावा. आणि तो बांधकामाच्या क्षेत्रफळावर ठरावा, म्हणजे चोवीस फ्लॅटवाल्याला चोवीस फ्लॅटचा. तो भरल्याशिवाय भोगवटा दाखला मिळू नये. बिल्डर बाकी कशालाही भीत नसला तरी ऑक्युपन्सी अडली की तो पंचायतीच्या पायरीवर सकाळी नऊला हजर असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता आमच्या तारवट्याकडे वळू.

गोव्यातले साधे घर कसे बांधले जाते हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. बोटीवर आठ-नऊ महिने, मग घरी तीन महिने. जेवढी मिळकत तेवढे काम. एका सुट्टीत पाया, दुसऱ्या सुट्टीत भिंती, मुलीच्या लग्नाआधी पुढची खोली आणि बाल्कांव, वरचा मजला 'पुढे पाहू'. बँकेचे कर्ज नको म्हणून मुद्दाम सावकाश बांधणारे लोक आहेत, आणि त्यात मला शहाणपणच दिसते. आखाताकडे गेलेले, मुंबईत राहून गावचे घर सांभाळणारे, सगळ्यांची हीच रीत. दुसरी भानगड वारशाची. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. वडिलोपार्जित घरात सगळ्या मुलामुलींचा वाटा, आणि विकायचे म्हटले तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या. भावंडे लिस्बनला, लंडनला, पुण्याला. एका भावाने दुरुस्ती काढली आणि दुसऱ्याने इन्व्हेंतारीत हरकत घेतली की अर्धे छप्पर उघडे पडून राहिलेच. हा उशीर नफ्यासाठी केलेला नाही. त्यावर रोजचा दंड लावला तर वारस घर दुरुस्त करायच्या फंदातच पडणार नाहीत. ते सरळ दिल्लीच्या गिऱ्हाइकाला विकून टाकतील, आणि मग तिथे जे उभे राहील त्याची धूळ आणखी वेगळी.

यावर मला सुचलेला मार्ग असा. एकेकट्या राहत्या घराला बाहेरच्या कामाची मुदत असावी, आतल्या कामाची नसावी. भिंती, छप्पर, बाहेरचा गिलावा, कुंपण, रस्त्यावरचे सामान, साचलेले पाणी यांचा शेजाऱ्याशी संबंध येतो. आत फरशी बसवली की नाही, वरच्या मजल्याला दरवाजे लागले की नाही, हे त्या घराचे ते पाहतील. सवडीने दहा वर्षे लावोत. ज्या वर्षी काम बंद, त्या वर्षी जागा साफ, टाकी झाकलेली, सळ्यांवर टोप्या, एवढे केले की दंड नाही. म्हणजे साध्या माणसाला दंड उशिराचा नाही, उपद्रवाचा. बिल्डरला मात्र दोन्हींचा. नव्या बंगल्यांच्या वसाहती, ज्यांची जाहिरात विमानतळावर झळकते, त्या 'एकेकटे घर' या सवलतीत घुसू नयेत म्हणून एका प्रवर्तकाने एका ठिकाणी बांधलेली घरे एकत्र मोजावी लागतील. आमच्या लोकांची कल्पकता याच कामी सर्वांत जास्त चालते.

बिल्डर लोक यावर काय म्हणतील तेही मला पाठ आहे. रेती मिळत नाही. खरे आहे, नदीतल्या रेती उपशावर न्यायालये आणि हरित लवादाचे निर्बंध आल्यापासून रेतीचा भाव आणि पुरवठा यांचा नेम राहिलेला नाही. मजूर होळीला गावी गेले ते परतले नाहीत, हेही खरे. जूनपासून चार महिने आभाळ फाटलेले असते, हे तर आपण सगळेच भोगतो. पण गोव्यात पाऊस अचानक येत नाही हो! मुदत मागताना पावसाळे मोजूनच मागा. पाच वर्षे हवीत तर पाच मागा, शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी कळू द्या की पाच वर्षे आहेत. तीनचा परवाना घेऊन आठ वर्षे घालवणे याला पाऊस जबाबदार नाही. एक मुद्दा मात्र त्यांचा मला पूर्ण मान्य आहे. सरकारी खात्याकडे फाईल पडून असेल, वीज जोडणीचा अर्ज सहा महिने हलत नसेल, न्यायालयाची स्थगिती असेल, तर तेवढे दिवस मुदतीतून वजा व्हायलाच हवेत. खात्याच्या टेबलावर झोपलेल्या फाईलचा दंड दुसऱ्याने का भरावा?

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. दंडाच्या धाकाने घाईघाईने, कच्चे काम होईल. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणला चावडी येथे बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक सगळे मजूर. ते आठवले की घाई हा शब्द उच्चारायलाही भीती वाटते. पण त्या इमारतीनंतर जी चर्चा झाली ती कामाच्या दर्जाची आणि तपासणीची होती. तपासणी आज होते कधी? परवाना देताना आणि दाखला देताना, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या सगळ्या वर्षांत कोणी अधिकारी फिरकत नाही. मुदतीवर लक्ष ठेवायचे ठरले तर कोणाला तरी वर्षातून दोनदा त्या जागेवर जावे लागेल, नोंद करावी लागेल. ती नोंद करताना सळई आणि स्लॅबही दिसेलच. काँक्रीट ओले ठेवण्याचे दिवस, सेंट्रिंग काढण्याचे दिवस हे मुदतीत धरलेलेच असतात. उशीर त्यामुळे होत नाही. दोन स्लॅबांच्या मध्ये पैसा दुसऱ्या प्रकल्पात वळवला जातो, त्यामुळे होतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल की बिल्डरच तेवढा सापडला का? मुळीच नाही. गोव्यात मुदत मोडण्यात पहिला नंबर सरकारचाच लागेल.

कला अकादमीचेच घ्या. ही वास्तू आपल्याला काय होती हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. चार्ल्स कोरियांनी मांडवीकाठी उभी केलेली ती इमारत. मराठी नाट्यस्पर्धेत गावोगावच्या मंडळींनी तिथे उभे राहायचे स्वप्न पाहिले, भजनाच्या स्पर्धा, संगीत संमेलने तिथे ऐकली. २०२१ मध्ये ती नूतनीकरणासाठी बंद झाली. काम निविदा न काढता दिले गेले, आणि त्याचे समर्थन करताना तेव्हाच्या कला-संस्कृती मंत्र्यांनी २०२२ मध्ये विधानसभेत ताजमहालाचा दाखला दिला. शहाजहानने कुठे निविदा काढल्या होत्या, म्हणून. (ताजमहालाला बावीस वर्षे लागली असे सांगतात. मंत्रिमहोदय तो दाखला मुदतीसाठी देत नव्हते हे आपले भाग्य.) तारखा जाहीर होत गेल्या आणि उलटत गेल्या. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये इमारत पुन्हा उघडली, तोवर खर्च ५० कोटींच्या पुढे गेला होता, आणि नंतरही ध्वनी, गळती, प्रकाशयोजना यांवर कलाकारांची तक्रार चालूच राहिली. इतका काळ पणजीत नाटकाचे हक्काचे घर नव्हते. सोळा-सतरा वर्षांची मुले त्या काळात पहिली भूमिका करायची होती, ती आता नोकरीला लागली. त्या हंगामांची भरपाई कुठल्या कलमाखाली मागायची?

कलम नाही असे नाही. सरकारी कंत्राटात उशिराच्या भरपाईचे कलम असतेच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या छापील अटींत ते दुसरे कलम आहे आणि भरपाईची कमाल मर्यादा निविदा रकमेच्या १० टक्के ठेवलेली आहे. पाचवे कलम मुदतवाढीचे. कंत्राटदाराचे सगळे कसब दुसऱ्या कलमातून पाचव्यात उडी मारण्यात असते, आणि अभियंता साहेब बहुधा खाली चादर धरून उभे असतात.

पणजीच्या स्मार्ट सिटीची कथाही तशीच. केंद्राचे हे अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले. बेळगाव आणि इंदूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत आले, पणजी त्याच वर्षी मे महिन्यात. अभियानाचीच मुदत आधी जून २०२३, मग जून २०२४, मग मार्च २०२५ अशी सरकत गेली, तर कंत्राटदाराला कोण बोलणार? राजधानीतले रस्ते एकाच वेळी खणले गेले. १ जानेवारी २०२४ च्या पहाटे एक एकवीस वर्षांचा तरुण अशाच एका खड्ड्यात दुचाकीसह पडून गेला. लोक धुळीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये गोवा खंडपीठाच्या न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यावर उतरून कामांची पाहणी केली. विचार करा, न्यायमूर्तींना खड्डे पाहायला जावे लागले! धुळीवर दाद मागायची दुसरी कुठलीच खिडकी उघडी नव्हती, म्हणूनच ना?

दुकानांसमोरचा रस्ता वर्षभर खणून ठेवला तर गिऱ्हाईक येत नाही. छोट्या दुकानदाराचा गणपतीचा हंगाम जातो, नाताळ जातो. म्हणून सरकारी कामाच्या उशिराची भरपाई सरकारी तिजोरीत जाऊन उपयोग नाही. तिचा निदान अर्धा भाग त्या रस्त्यावरच्या, त्या प्रभागातल्या लोकांसाठी राखून ठेवायला हवा. त्या वर्षीची घरपट्टी, दुकानाच्या परवान्याचे शुल्क माफ करा. गावात बिल्डरकडून वसूल झालेल्या दंडाचेही तसेच. फुटलेली लादी त्यातून घाला, विहीर त्यातून उपसा. पैसा पंचायतीच्या सर्वसाधारण खात्यात गेला की तो कमानीवर आणि सत्कारावर जातो, हे सांगायला ज्योतिषी नको.

हे सगळे व्हायचे तर नियमावलीत दुरुस्ती लागेल. बांधकामाची जी नियमावली गोव्यात लागू आहे ती २०१० ची, २००८ च्या कायद्याखालची. त्यात भिंतीपासून किती जागा सोडायची, जिना किती रुंद, खिडकी केवढी, याचे मोजमाप आहे. वेळेचे मोजमाप घालायला फार कागद लागणार नाही. पण आमदार हे आपणहून करतील असे मानायला मी इतका भोळा नाही. आमच्याकडे बिल्डर आणि लोकप्रतिनिधी यांच्यात नेहमीच अंतर असते असेही नाही, काही वेळा तर दोघांना एकच खुर्ची पुरते.

तोवर ग्रामसभा आहे. वर्षातून चार सर्वसाधारण ग्रामसभा व्हायलाच हव्यात असे पंचायत राज कायदाच सांगतो. तिथे साधारण अर्धा वेळ कचऱ्यावर आणि अर्धा भटक्या कुत्र्यांवर जातो. येत्या सभेत मी दोन प्रश्न लेखी देणार आहे, आणि तुम्हीही आपापल्या गावात द्यावेत. गावात दिलेल्या परवान्यांपैकी कितींची मूळ मुदत संपूनही काम अपुरे आहे, त्यांची यादी, प्रत्येक परवाना कितव्यांदा रिन्यू झाला याच्या नोंदीसह. आणि दुसरा, ही यादी पंचायतीबाहेरच्या फळ्यावर लावायला काय हरकत आहे. आकडे एकदा फळ्यावर आले की कोणाचे घर कितव्या वर्षात आहे हे सगळ्या गावाला दिसेल, आणि तारवट्याचे घर कोणते आणि बिल्डरची इमारत कोणती हे ओळखायला गावाला नगर नियोजन खात्याची गरज पडणार नाही.

सचिवसाहेब यादी तयार करायला वेळ मागतील. द्यावा. फक्त किती दिवस, ते तारीख घालून इतिवृत्तात लिहून घ्यावे.